बहादूरचं फाटलेलं पान

आमच्या घरी बहादूरचं एक इंद्रजाल कॉमिक्स होतं, त्याला शेवटचं पानच नव्हतं. पिना गंजलेल्या, कोपरे दुमडलेले, कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग कव्हरवर, आणि रद्दीवाल्याकडून चाराण्याला आणलेलं. घरी येऊन दादानं वाचायला घेतलं, मी शेजारी मांडी घालून बसले, आणि ऐन मोक्याच्या क्षणी, म्हणजे समोरून बंदूक रोखलेली आणि बहादूरच्या हातात काहीच नाही, अशा चौकटीवर कॉमिक्स संपलं. पुढं सरळ मागचं कव्हर. मी रडायलाच लागले होते. दादा परत रद्दीवाल्याकडे पळत गेला, त्याचा अख्खा गठ्ठा उपसला, पान काही मिळालं नाही, आणि मग त्या रात्री गच्चीवर अंथरुणं घातल्यावर त्यानं मला पुढचं सांगितलं. म्हणजे रचून सांगितलं, पण सांगितलं असं की मला वाटलं यानं कुठंतरी वाचलंय.

ही गोष्ट बार्शीतली, १९८३ किंवा ८४ सालची उन्हाळ्याची सुट्टी. मी तिसरीत होते की चौथीत हे आता नक्की आठवत नाही, दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा.

बार्शीत तेव्हा कॉमिक्स मिळायचे तीन मार्ग होते आमच्यासाठी. एक म्हणजे एसटी स्टँडवरचा स्टॉल, तिथं नवीन अंक दोरीला क्लिप लावून टांगलेले असायचे पण ते विकत घ्यायचे म्हणजे पाहुणे गावाला परत निघताना हातावर पैसे ठेवायचे तेव्हाच. दुसरा रद्दीवाला. आणि तिसरी, सगळ्यात लाडकी, म्हणजे सुट्टीपुरती उघडणारी लायब्ररी. ती कसली लायब्ररी, एका काकांच्या घराचा ओटा, त्यावर सतरंजी, सतरंजीवर अंक मांडलेले, तिथंच बसून वाचलं तर दहा पैसे आणि घरी न्यायचं तर चाराणे रोज. आम्ही तिथंच बसून वाचायचो, आणि एका अंकाच्या दहा पैशात दोघं वाचायचो, काका बघायचे पण कधी बोलले नाहीत. पैसे दादाचे म्हणून अंक दादाच्या मांडीवर. तो भराभर वाचायचा, मी चित्रं बघत रेंगाळायचे. पान उलटायच्या आधी तो विचारायचा, "झालं का?" आणि मी म्हणायचे, "थांब." आमचं बालपण या दोन शब्दांत मावेल असं मला कधीकधी वाटतं. "झालं का?" "थांब."

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, आणि ते पुढं बऱ्याच भारतीय भाषांत निघालं, मराठीतही. आमच्या घरात ज्या मुलांनी कधी बंदर पाहिलं नव्हतं, समुद्र पाहिला नव्हता, त्यांना वेताळाच्या मागं लागलेले समुद्री चाचे पाठ होते. वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम, पण तो फँटम आहे हे आम्हाला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं, आमच्यासाठी तो वेताळच. आणि हे नाव फार वेगळं काम करायचं आमच्या घरी, कारण आजीला वेताळ म्हणजे गावाबाहेरचा शेंदूर लावलेला दगड, भुतांचा राजा, ज्याची पालखी अमावस्येला निघते आणि जिच्या वाटेत उभं राहायचं नसतं. मी तिला एकदा अंक वाचून दाखवायला बसले तर तिनं आधी हात जोडले, मग त्या जांभळ्या कपड्यातल्या माणसाकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्यो नव्हं." बस्. पुन्हा ती वेताळ ऐकायला बसली नाही.

मोठी झाल्यावर एक गोष्ट कळली त्याची इथं नोंद करते. मूळ इंग्रजी कथेतला वेताळाचा देश बेंगाला, पण इंद्रजालमध्ये तो डेंकाली झाला, आणि मूळ कथेतले सिंग नावाचे चाचे इथं सिंगा झाले. भारतीय वाचकांना ही नावं खटकतील म्हणून कुणीतरी टेबलावर बसून, पेन घेऊन हे बदललं असणार. मला तो अनोळखी माणूस फार जवळचा वाटतो. आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक चौकटीला असा कुणाचा तरी हात लागलेला होता, भाषांतर करणाऱ्याचा, फुग्यात अक्षरं बसवणाऱ्याचा, आणि आम्ही त्यातलं एकही नाव कधी वाचलं नाही. लेखक, चित्रकार अशी काही माणसं असतात हेच डोक्यात नव्हतं. वेताळ होता, जादूगार मॅन्ड्रेक होता, त्याचा सोबती लोथार होता, आणि ते दर आठवड्याला स्वतःहून स्टँडवर यायचे.

आणि बहादूर होता.

बहादूर आला डिसेंबर १९७६ मध्ये. मी वाचायला शिकेपर्यंत तो जुना झालेला होता, त्यामुळं त्याचे अंक रद्दीत जास्त मिळायचे, आणि कदाचित म्हणूनच तो आमचा झाला. वेताळ जंगलात कवटीच्या गुहेत राहायचा, मॅन्ड्रेक त्याच्या झनाडू बंगल्यात, आणि बहादूर राहायचा जयगढमध्ये, जिथं टेकड्या होत्या, पायवाटा होत्या, खाटा टाकून बसलेली माणसं होती, फेटे होते, बैलगाड्या होत्या. ती चित्रं गोविंद ब्राह्मणिया काढायचे. मला तेव्हा हे सांगता आलं नसतं पण त्या चित्रांत धूळ दिसायची. बाकी कॉमिक्समध्ये जमीन म्हणजे एक रंग असायचा, इथं ती जमीन असायची, आणि मध्येच एखादी चौकट वरून, झाडावरून पाहिल्यासारखी, किंवा एकदम घोड्याच्या पायांतून, सिनेमासारखी.

बहादूरचा बाप डाकू होता. भैरवसिंग. त्याला पोलीस अधिकारी विशालनं गोळी घातली आणि मग त्याच विशालनं त्याच्या पोराला वाढवलं. पोरगा मोठा होतो तो बापाचा सूड घ्यायचा हे मनात धरून, आणि मग त्याला कळतं की बापानं काय काय केलेलं आहे, किती घरं उजाड केली आहेत. तिथं तो बदलतो. आमच्या घरात या गोष्टीवर फार चर्चा झालेली मला आठवते, दादा म्हणायचा तरी बाप तो बाप, आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, जे कॉमिक्सला हातही लावायचे नाहीत, ते जेवता जेवता एकदम म्हणाले, "ज्यानं वाढवलं त्याचं काय मग?" म्हणजे ते ऐकत होते सगळं. ही वेताळाच्या कुठल्याही गोष्टीत न झालेली गोष्ट. वेताळाच्या बापाचा विषय आमच्या ताटावर कधी आला नाही.

तो काळच डाकूंचा होता. १९७२ साली चंबळच्या शेकडो डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढं शस्त्रं खाली ठेवली होती, ते फोटो मोठ्या माणसांच्या डोक्यात ताजे होते. बहादूरचा सोबती लखनही आधी डाकूच. एखादा माणूस वाईट धंदा सोडून परत गावात येऊन खाटेवर बसू शकतो, त्याला चहा मिळू शकतो, हे मी त्या चौकटीत पहिल्यांदा पाहिलं.

आणि बहादूरनं मुखवटा घातलेला नव्हता. भगवा कुडता आणि निळी जीन्स. जीन्स काय असते ते बार्शीत आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, दादानं ती "निळी जाड पँट" आहे असं ठरवलं. आईच्या मागं लागून त्यानं एका जुन्या केशरी उपरण्याचा बिनबाह्यांचा कुडता शिवून घेतला आणि खाली शाळेची खाकी हाफ पँट, अशा अवतारात तो पूर्ण सुट्टी फिरला. (नंतर नंतर बहादूरचा कुडता गेला, केस बारीक झाले, तो शर्टात आला, तेव्हा दादा इतका नाराज झाला की दोन आठवडे त्यानं अंकच घेतला नाही. मलाही ते आजतागायत पटलेलं नाही. जी गोष्ट आपली असते ती का बदलायची.)

पण मला सांगायचंय ते बेलाबद्दल.

बेला बहादूरची मैत्रीण. लढायची. हाणामारी शिकलेली, एका फटक्यात माणूस खाली. वेताळाची मैत्रीण डायना यायची तेव्हा बऱ्याचदा तिला सोडवायचं असायचं, मॅन्ड्रेकची मैत्रीण नार्दा त्याच्याबरोबर असायची पण जादू त्याची. बेला स्वतः जायची. आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं हे पाहिलं की काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे, मी ती चौकट बोटानं गिरवायचे, तिच्या पायाची ती रेघ. आजी जी वेताळाला उठून गेली ती बेला मात्र ऐकायची. तिनं एकदाच विचारलं, "ही त्याची कोण?" दादा म्हणाला मैत्रीण. लग्नाची नाही? नाही. आजीनं थोडा विचार केला, म्हणाली, "बरं. वाच म्होरं."

बहादूरनं जयगढमध्ये एक दल उभं केलेलं होतं, नागरिक सुरक्षा दल, त्याचं लहान नाव नासुद. गावातलीच माणसं, पोलिसांच्या मदतीला आणि गावाच्या राखणीला. हे शब्द मराठीत जसेच्या तसे बसतात त्यामुळं आम्हाला वाटायचं की ही इथलीच कुठलीतरी संस्था आहे, आणि तसं ते फार चूकही नव्हतं, कारण आपल्याकडं खेड्यांत ग्रामसुरक्षा दल असतंच, काठी आणि शिट्टी घेऊन रात्री गस्त घालणारं. त्या वर्षी उन्हाळ्यात चोरांची अफवा उठलेली होती. रॉकेल ओतून येतात, अंगाला तेल लावून येतात, असं काय काय. गल्लीतली मोठी माणसं आळीपाळीनं जागी राहायची. लगेच दादानं आमच्या गल्लीचं नासुद काढलं. वहीच्या पुठ्ठ्याचे बिल्ले, त्यावर खडूनं न. सु. द., प्रत्येकाला काठी, संध्याकाळी सातला हजेरी. सात मुलं होती. मी आठवी. मला घेईनात.

मी घरातून तो शेवटचं पान नसलेला अंक आणला आणि बेलाची चौकट उघडून सगळ्यांच्या पुढं धरली. काहीच बोलले नाही. मला अजून त्या सगळ्यांचे चेहरे दिसतात, एकेकजण वाकून बघतोय. मग दादानं स्वतःचा बिल्ला काढून मला दिला आणि म्हणाला, "घ्या हिला." त्याला दुसऱ्या दिवशी नवीन करावा लागला.

चोर काही आले नाहीत. पण आम्ही कामं केली. एका आजोबांचं हरवलेलं करडू शोधून आणलं, गल्लीच्या कोपऱ्यावर रात्री खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून दगड रचून ठेवले, आणि मुख्य म्हणजे पाणी. आमचा भाग दुष्काळीच, उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी, तेही पहाटे, आणि सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग आदल्या रात्रीपासून. हंडे असायचे, माणसं नसायची, आणि मग पहाटे कुणाचा हंडा कुणी मागं सरकवला यावरून भांडणं. नासुदनं रात्री दहापर्यंत त्या हंड्यांची राखण केली. पाटीवर नंबर लिहून ठेवले. आई पहाटे चारला उठून जायची तेव्हा मी झोपेत तिच्या बांगड्यांचा आणि कळशीचा आवाज ऐकायचे, आणि मला आत कुठंतरी बरं वाटायचं की तिचा नंबर माझ्या पाटीवर लिहिलेला आहे.

पुढची वर्षं पटकन सांगून टाकते कारण त्यात कॉमिक्स नाही. १९९० साली इंद्रजाल बंद झालं, आठशेच्या वर अंक निघाल्यावर. आम्हाला ते बंद झाल्याचं कळलंही नाही, दादा इंजिनिअरिंगला पुण्यात आणि मी बारावीच्या अभ्यासात. आईनं दहा-दहा अंक दाभणानं शिवून, कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याची कव्हरं घालून ठेवले होते, ते एका पावसाळ्यात माळ्यावर भिजले आणि गेले. राहिला तो एकच, शेवटचं पान नसलेला, कारण तो माझ्या शाळेच्या पेटीत होता. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा तो माझ्याबरोबर आला.

आणि मग काही वर्षांपूर्वी, ऑफिसातून परत येताना लोकलमध्ये मोबाईलवर एक लेख वाचत होते. मीरा रोडला राहणारे एक वयस्कर लेखक दर रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन लोकांच्या दारोदार जातात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देतात. चांगली गोष्ट म्हणून वाचत होते. खाली एका ओळीत लिहिलेलं, बहादूर या कॉमिक्स नायकाचे जनक. आबिद सुरती.

माझं स्टेशन गेलं. खरंच गेलं, मी कल्याणला उतरले. पस्तीस वर्षांत मी या माणसाचं नाव शोधलं नव्हतं. ज्यानं मला बेला दिली त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आणि तो माणूस माझ्यापासून दोन लोकल बदलण्याच्या अंतरावर होता.

मग मी मिळेल ते वाचलं, त्यांच्या मुलाखती ऐकल्या. जन्म १९३५ चा, गुजरातेतला. लहानपण मुंबईत डोंगरीला गेलं, गरिबीत, एकेकाळी खाऊन-पिऊन सुखी असलेलं घर सगळं गमावून बसलेलं. ते सांगतात की दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोदीकडून व्हीटीकडं सैनिकांना नेणारी एक छोटी गाडी जायची, हळूहळू, आणि गल्लीतली मुलं तिच्याबरोबर पळायची, कारण सैनिक खिडकीतून खाऊ फेकायचे. एकदा एका सैनिकानं कॉमिक्स फेकलं. मिकी माऊसचं. सगळी मुलं एकदम तुटून पडली, ओढाओढीत ते फाटलं, आणि आबिदच्या हाताला एक पान लागलं. एकच पान. ते घरी नेऊन त्यानं गिरवायला सुरुवात केली, आणि चित्र काढणं तिथनं सुरू झालं. पुढं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग व्यंगचित्रं, गुजराती आणि हिंदीत कथा-कादंबऱ्या, धर्मयुग या हिंदी साप्ताहिकातले ढब्बूजी, जी चित्रपट्टी थोडे आठवडे जागा भरायला म्हणून सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली, १९९३ साली कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार, असं मोठं आयुष्य आहे ते.

मी मात्र त्या गाडीपाशीच अडकले. कारण बार्शीला आमची गाडी तशीच होती. बार्शी लाईट. अडीच फुटांचा रूळ, १८९७ सालापासूनची, कुर्डुवाडीहून बार्शीला येणारी, इतकी हळू की चढावर पोरं उतरून बरोबर चालायची आणि परत चढायची. आता तिथं ब्रॉडगेज झालं, ती गाडी गेली. पण मुंबईच्या गोदीतली ती गाडी मी कधी पाहिली नाही तरी मला ती बार्शी लाईटच दिसते, तोच धूर, तीच शिट्टी, आणि डब्याच्या दारातून कुणीतरी कागद भिरकावतंय, आणि धुळीत पोरांचा ढीग. त्या ढिगातून एक पोरगा हातात एक पान घेऊन उठतो. त्याला त्या पानाच्या आधीचं काय माहीत नाही आणि पुढचंही माहीत नाही. ते सगळं त्याला स्वतःलाच रचावं लागलं असणार.

नळाची गोष्ट अशी की २००७ च्या सुमारास ते एका मित्राकडं गेले असताना नळ ठिबकत होता. त्यांना ते बघवेना. मित्र म्हणाला एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, आणि ते खरंच आहे, आमच्याकडंही येत नाही, वायसर बदलायला कोण येणार, त्यात सुटतं काय. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं की सेकंदाला एक थेंब गळला तर महिन्याला हजार लिटर पाणी जातं. त्यांच्या डोळ्यांपुढं पाण्याच्या हजार बाटल्या गटारात ओतणारं कुणीतरी आलं. त्यांनी लहानपणी डोंगरीत आईला पहाटे चारला उठून एका बादलीसाठी रांगेत उभं राहिलेलं पाहिलं होतं.

हे वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवला. पहाटे चार. मला वाटायचं ती वेळ फक्त माझ्या आईची आहे.

त्याच सुमारास उत्तर प्रदेशच्या हिंदी साहित्य संस्थेकडून त्यांना एक लाखाचा पुरस्कार मिळाला, तो पैसा त्यांनी या कामाला लावला. ड्रॉप डेड फाउंडेशन असं नाव ठेवलं, पण फाउंडेशन म्हणजे तेच, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती. आधी सोसायटीत पोस्टर लावायचं, माहितीपत्रकं वाटायची, मग रविवारी सकाळी घरोघर बेल वाजवायची. नळ गळतोय का? पहिल्या वर्षी १,६६६ घरं, ४१४ गळके नळ. बहुतेक ठिकाणी एक रबरी वायसर, पान्ह्याचे दोन वेढे, झालं. पैसे घ्यायचे नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस जिने चढतोय.

त्यांच्यावर जे काही लिहिलं जातं त्यात सगळे म्हणतात लेखक प्लंबर झाला, केवढा बदल. मला हे वाचून दर वेळी वाटतं की यांनी बहादूर वाचलेला नाही. ज्यानं नासुद वाचलं त्याला यात काही बदल दिसणार नाही. गावाची राखण गावातल्याच माणसानं करायची, साध्या कपड्यात, बोलावणं यायची वाट न बघता दार वाजवून, हे त्यांनी १९७६ साली जयगढच्या चौकटीत लिहून ठेवलं होतं आणि तीस वर्षांनी मीरा रोडला जाऊन केलं. वेताळ आला नसता नळ दुरुस्त करायला, त्याचं रक्षण खोल जंगलातलं, शपथेचं, पिढ्यान्पिढ्यांचं. बहादूर आला असता. लखनला पान्हा आणायला सांगितला असता.

त्यांना पत्र लिहायचं मी तीनदा ठरवलं. एकदा लिहिलंसुद्धा, चार पानं, बार्शी, बिल्ले, आजी, सगळं. पाठवलं नाही. त्यात बेलाबद्दल मी जे लिहिलं होतं ते परत वाचताना मला ते पुरेसं वाटेना, आता या लेखातही पुरेसं झालेलं नाही. वसईला नणंदेकडं जाताना मीरा रोड स्टेशन येतं तेव्हा मी दाराकडं सरकून त्या इमारती बघत राहते, शेकडो खिडक्या, प्रत्येक खिडकीमागं एक मोरी आणि एक नळ, आणि यांतल्या कितीतरी घरांत बहादूरचा लेखक वाकून, डोळे बारीक करून थेंब बघत उभा राहिलेला असणार आणि त्या घरातल्या कुणालाही कदाचित हे माहीत नसेल.

मागच्या महिन्यात पुतण्याचा मेसेज आला. कुणी कुणी हौशी लोकांनी जुने इंद्रजाल अंक स्कॅन करून ठेवलेत, त्यात हिंदीमध्ये आमचा तो अंक त्याला सापडला. मी कव्हरचा फोटो पाठवला होता त्याला मागं कधीतरी, तो पोरगा विसरला नव्हता. फाईल पाठवली. वर लिहिलं, आत्या, शेवटचं पान आहे यात.

मी दादाला फोन लावला. तो आता पंचावन्नचा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेला. म्हटलं, आपल्या त्या फाटक्या अंकाचं शेवटचं पान मिळालंय, पण मी उघडायच्या आधी तू मला गच्चीवर काय सांगितलं होतंस ते आठवतंय का? मला वाटलं विचारेल कुठली गच्ची. तो म्हणाला, "पहिल्या दिवशीचं की दुसऱ्या दिवशीचं?"

मी विसरून गेले होते. पहिल्या रात्री त्यानं सांगितलं होतं की बहादूर बंदुकीवर झेप घालतो आणि एकटाच सुटतो, आणि मी म्हटलं होतं हे खोटं आहे, बेला कुठाय, आणि पूर्ण दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. दुसऱ्या रात्री त्यानं ते परत सांगितलं.

"दुसऱ्या दिवशीचं," मी म्हटलं.

तो खोकला, उशी नीट केल्याचा आवाज आला, वहिनीला म्हणाला टीव्ही बारीक कर. मग त्याच आवाजात, जो गच्चीवर शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खाली आणलेला असायचा, तो सांगायला लागला. अंधार आहे. बहादूरच्या हातात काही नाही. समोरच्याचं बोट घोड्यावर. बाहेर कुत्रं एकदाच भुंकतं आणि गप्प होतं. मग तो थांबला.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"थांब," मी म्हटलं.